झाड गोव्यात, ठसा अँटवर्पमध्ये

१० एप्रिल १५६३ ही तारीख घालून गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापून निघालं. लेखक गार्सिया द ऑर्ता, विषय हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि मसाले. आंबा, फणस, बिब्बा, सुपारी, हिंग, भांग, मिरी, सगळं त्यात आहे. नाहीत ती चित्रं. लेखक १५३४ पासून इथे राहत होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून दख्खनमध्ये वावरला होता, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. ज्या झाडांबद्दल तो लिहीत होता ती त्याच्या खिडकीतून दिसत असणार. पण गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती आणि अक्षरजुळणीच इतकी कच्ची की पुस्तकाला लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. जिथे छपाईचे अक्षरखिळे धड लागत नव्हते तिथे फणसाचा लाकडी ठसा कोण कोरणार?

चित्रं आली ती युरोपात. कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये लिस्बनमध्ये हे पुस्तक मिळालं. पुस्तक संवादरूपात होतं. त्याने संवादांची लांबण छाटून लॅटिनमध्ये सारांश केला आणि १५६७ मध्ये अँटवर्पचा छापखानदार प्लांटिन याने तो ठशांसह छापला. म्हणजे झाड पाहिलेल्याने शब्द लिहिले आणि झाड न पाहिलेल्यांनी चित्रं काढली. प्रबोधनकाळातल्या ‘विदेशी’ वनस्पतींच्या चित्रांची बरीचशी गोष्ट याच फटीत घडते. तिथले विदेशी म्हणजे पुष्कळदा आपल्या परसातले, त्यामुळे मराठी वाचकाला ही चित्रं तपासण्याची एक आयती सोय आहे. अँटवर्पच्या ठसेकाराला जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

अशा चित्रापुढे बसलं की सौंदर्याचं नंतर बघावं. आधी विचारावं: या झाडाचा कोणता भाग जिवंत पोचला, कोणता वाळून पोचला आणि कोणता नुसता शब्दांतून?

गोवा-कोचीनची जहाजं डिसेंबर-जानेवारीत सुटत, केप ऑफ गुड होपला वळसा घालत आणि उन्हाळ्यात लिस्बनला लागत. सहा महिने खारी हवा आणि तळघरातली दमट उष्णता. त्यातून टिकतं काय? कवचाचं फळ, कठीण बी, साल, राळ, वाळलेलं मूळ. जायफळ, आलं यांसारखं काही साखरेत मुरवून जाई, पण पाकातल्या फळाचा रंग उतरतो आणि आकार आक्रसतो. फूल पोचण्याचा प्रश्नच नाही. म्हणून क्लुसियुसच्या पुस्तकांत सुटी फळं, बिया, शेंगा, काटक्या पानभर भेटतात आणि त्या उत्तम काढलेल्या असतात. समोर टेबलावर ठेवलेल्या वस्तू त्या. पूर्ण झाड आलं की रेषा एकदम गुळगुळीत आणि पानं कुठल्याही झाडाला चालतील अशी होतात. रेषेचा हा बदल डोळ्यांनी पकडता येतो. जिथे ती आत्मविश्वासाने खडबडीत आहे तिथे नमुना होता. जिथे ती गोड आहे तिथे नव्हता.

क्लुसियुसला ही अडचण नेमकी कळली होती. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये उभी राहिली तेव्हा जहाजांवरच्या वैद्यांसाठी आणि औषधविक्रेत्यांसाठी त्याने सूचना केली: फांद्या पानांसकट कागदांत दाबून आणा, मिळाल्यास फळं-फुलंही आणा. सांगायला सोपं आहे. दाबलेल्या पानांचे कागद सुरुवातीचे काही दिवस रोज बदलावे लागतात, नाहीतर ओल धरून बुरशी येते. समुद्रावर कोरडे कागद आणायचे कुठून? मांसल पानं काळी पडतात. फुलांचा रंग जातो. सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच: देठाभोवती पानं कोणत्या कोनात फिरत गेली आहेत ते सपाट होताना मोडतं. समोरासमोरची आणि एकाआड एक पानं ओळखता येतात, पण झाडाचा डौल जातो. असा वाळका नमुना कोमट पाण्यात भिजवला तर पान बऱ्यापैकी उलगडतं, पाकळ्यांचा मात्र लगदा होतो. मिरीच्या वेलीला हे सगळं त्यातल्या त्यात परवडतं. तिच्या प्रत्येक पेरावर एक पान आणि त्याच्या बरोबर समोरून निघणारा लोंबता तुरा, हे दाबूनही टिकतं. पण नमुना न येता नुसतं वर्णन आलं आणि त्यात ‘घड’ हा शब्द असला, तर चितारी द्राक्षाचा घड काढून मोकळा होण्याचा धोका मोठा.

आता याच्या उलट प्रकार. १५४२ मध्ये बाझलला लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याचा वनस्पतिकोश निघाला. त्यात पाचशेवर पूर्णपानी ठसे आहेत आणि त्यांतली मिरची व मका आजही कुणीही ओळखेल. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, कोलंबसानंतर आलेल्या. फुक्सच्या लेखी मात्र मका तुर्की धान्य, आणि पुढच्या वर्षीच्या जर्मन आवृत्तीत मिरची म्हणजे कालिकतची मिरी. वंशावळ साफ चुकलेली, चित्र पक्कं. कारण या वनस्पतींचं बी प्रवासात जिवंत राहिलं. मिरची जर्मनीत कुंड्यांमधून वाढत होती, एका हंगामात फूल-फळ देत होती. चितारी तिच्यासमोर बसू शकला. घेवडाही तसाच, बटाटाही. बटाट्याचे दोन कंद आणि एक फळ १५८८ च्या जानेवारीत व्हिएन्नात क्लुसियुसच्या हाती आले, आणि त्या काळचं बटाट्याचं जलरंगातलं चित्र अँटवर्पला जपून ठेवलेलं आहे. आंबा, फणस, मिरी, वड यांचं नेमकं उलटं झालं. ती कुठली, हे ऑर्तामुळे युरोपला बिनचूक कळलं, पण थंड देशात त्यांना रुजवून फुलवणं अशक्य. नाव-गाव बरोबर, चित्र डळमळीत. वर्षायू झाड आणि कंद जिंकले, उष्णकटिबंधातला वृक्ष हरला. चित्रकाराच्या प्रतिभेपेक्षा बियाण्याच्या आयुष्याने जास्त फरक पाडला असं मला वाटतं, आणि कलेच्या इतिहासांत हे पुरेसं ठळक लिहिलं जात नाही.

फुक्सने एक छान गोष्ट केली: कामगारांची चित्रं पुस्तकाच्या शेवटी छापली. आल्ब्रेख्त मेयर झाड पाहून काढतो आहे, हाइन्रिख फ्युलमाउरर ते लाकडावर उतरवतो आहे, आणि कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेकले. तीन हात, म्हणजे चुकायच्या तीन जागा.

ठसा कसा तयार होई ते जरा सावकाश पाहू. लाकूड बहुधा पेअरच्या झाडाचं. घट्ट, एकसारख्या पोताचं आणि पुरेसं मऊ. फळी लाकडाच्या धाग्याच्या दिशेने कापलेली, आडवी नव्हे. जाडी खिळ्याच्या उंचीइतकी, साधारण २३-२४ मिलिमीटर, म्हणजे मजकुराच्या खिळ्यांसोबत एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतं. हा लाकडी ठशाचा मोठा फायदा. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा, पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, त्यावर शाईने रेखाटन. मग चाकू तिरपा धरून प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी छेद, आणि मधलं लाकूड गोल पटाशीने उपसून काढायचं. रेषा राहते, बाकी सगळं जातं. लाकडाच्या धाग्याला समांतर रेषा सुखाने निघते. धाग्याला आडवी जाणारी बारीक रेषा कधीही तुटते. म्हणून पानावरची लव, परागकोश, केसासारखी मुळं ही ठशात एक तर जाड होतात किंवा गळतात. चूक झाली तर तेवढा तुकडा पोखरून नव्या लाकडाची खुंटी ठोकायची आणि तिच्यावर पुन्हा कोरायचं. कधी त्या खुंटीच्या कडेने छापात पांढरी फट दिसते. ठोकळा ओला राहिला तर बाक धरतो आणि मधला भाग फिका उमटतो. वाळवी-भुंग्याने पोखरला तर छापात रेषेच्या मधोमध पांढरे गोल ठिपके येतात. दोन आवृत्त्यांपैकी नंतरची कोणती हे ठरवायला हे ठिपके आणि तुटलेल्या रेषा फार उपयोगी, कारण भोकं वाढतात, बुजत नाहीत.

सगळ्यांत गमतीदार चूक आरशाची. ठोकळ्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे. चितारी शहाणा असेल तर आधीच उलटं काढतो. पण दुसऱ्या छापखान्याने छापील चित्रच ठोकळ्यावर गिरवून नवा ठसा केला की सगळं झाड उलटतं. गुलाबाला, मक्याला त्याने काही बिघडत नाही. वेलीला बिघडतं. घेवड्याची वेल काठीच्या पुढच्या बाजूने चढताना नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाते. जगात कुठेही लावा, ती हीच दिशा धरते. जुन्या पुस्तकात घेवडा उलटा वळलेला दिसला, तर नकलेचा किंवा आरसा विसरल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. आणि नकला सर्रास होत. स्ट्रासबुर्गचा छापखानदार योहानेस शॉट याने ब्रुनफेल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाचं सचित्र पुस्तक १५३० पासून छापायला घेतलं, फ्रांकफुर्टच्या एगेनोल्फने त्यातली चित्रं उचलली आणि १५३३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. एगेनोल्फचा बचाव वकिलाला शोभेल असा होता: रोझमेरी रोझमेरीसारखीच दिसणार, दुसऱ्या कुठल्या रूपात काढायची?

तसं पाहिलं तर ती दोन रूपांत काढता येते, आणि हा वाद त्याच काळात झाला. ब्रुनफेल्ससाठी चितारी हान्स वाइडित्झने समोर जे रोप होतं तेच काढलं: किडीने खाल्लेलं पान, मोडका देठ, कोमेजलेली मान. फुक्सला ते नको होतं. त्याला झाडाची जात हवी होती, एखादं विशिष्ट रोप नव्हे. म्हणून त्याच्या चित्रांत कळी, फूल आणि फळ एकाच फांदीवर एकाच वेळी असतात, आणि छायाप्रकाशाच्या करामती करायला त्याने कारागिरांना मुद्दाम मनाई केली होती. रंगवणाऱ्याला जागा मोकळी राहावी हाही हेतू असेल. ओळख पटवण्यासाठी फुक्सची रीत चांगली, यात शंका नाही. पण विदेशी झाडांच्या बाबतीत तिच्यात एक खोट आहे. जात काढायची तर जातीची अनेक रोपं पाहावी लागतात. एकच वाळकी फांदी समोर असताना ‘आदर्श’ झाड काढायला बसलं की उरलेलं सगळं आपल्या ओळखीच्या झाडांतून उसनं येतं.

त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे आपला वड. लाइडनला १६०५ मध्ये निघालेल्या क्लुसियुसच्या विदेशी वस्तूंवरच्या मोठ्या ग्रंथात ‘गोव्याचं झाड’ अशा मथळ्याखाली वड आहे. फांद्यांवरून सूत लोंबतं, जमिनीला टेकून रुजतं, त्याचा नवा बुंधा होतो, हे गोवा पाहून आलेल्यांनी सांगितलेलं त्याला नीट ठाऊक होतं. चित्रात मात्र मधला बुंधा आणि दोन्हीकडे फांद्या वाकून जमिनीत शिरलेल्या, गिरिजाघराच्या दालनासारख्या कमानींच्या रांगा. पारंबी ही फांदी नव्हे, ती मूळ आहे आणि ती सरळ, ओळंब्यात खाली येते. वाकते ती फांदी. युरोपातल्या डोळ्याला फांदीवरून निघणारं मूळ ही कल्पनाच परकी, पण वाकून रुजणारी फांदी ब्लॅकबेरीच्या कुंपणात रोज दिसणारी. रिकामी जागा ओळखीच्या गोष्टीने भरली गेली. त्यात ठोकळ्याची अडचण वेगळीच. एकरभर पसरणारं झाड वीतभर लाकडात बसवायचं तर पारंब्यांचं जंगल दाखवता येत नाही, पाच-सहा कमानी दाखवता येतात. त्या काळच्या बहुतेक वृक्षांच्या ठशांत हाच तोटा आहे: बुंधा काडीसारखा, पानं परातीएवढी. पान ओळखू यायला हवं म्हणून प्रमाण बळी दिलं जातं.

फणसाचं नशीब थोडं बरं. फळ फांदीच्या टोकाला न येता खोडावर येतं, ही गोष्ट इतकी चमत्कारिक वाटली की सांगणारे ती आवर्जून सांगत. १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिलेल्या लिन्सखोटेनने ती लिहिली, आणि त्याच्या १५९६ च्या ग्रंथात डोटेकुम घराण्यातल्या कोरक्यांनी तांब्याच्या पत्र्यांवर गोव्याकडची झाडं आणली. स्पेनमध्ये बुर्गोसला १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँ द कोस्ताचं पुस्तक निघालं होतं. हा माणूस कोचीनच्या रुग्णालयात वैद्य होता, आणि चित्रं प्रत्यक्ष पाहून काढल्याचा त्याचा दावा आहे. काजू कोचीनच्या बागांमधून त्याने नोंदवला तो हिंदुस्थानातल्या काजूच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. त्याचे ठसे ओबडधोबड आहेत, कोरणारा प्लांटिनच्या तोडीचा नव्हताच. तरी मला ते जवळचे वाटतात. सुबक कोरलेल्या अज्ञानापेक्षा ठोकळेबाज पण पाहिलेलं झाड कामाला येतं.

रंगांकडे वळलं की आणखी एक दुकान उघडतं, आणि ते मराठी वाचकाला अर्धं ओळखीचं आहे: जंगाल, हरताळ, हिंगूळ, सफेदा, नीळ, केशर, लाख. बांधणीला बाभळीच्या जातीचा डिंक. छापील प्रती रंगवणारे पगारी लोक असत. समोर एक नमुना-प्रत ठेवून ते शेकडो पानं रंगवत. झाड त्यांनीही पाहिलेलं नसे. जंगाल म्हणजे तांब्याचा हिरवा, तो ताजा असताना सुंदर दिसतो, पण कालांतराने तपकिरी होऊन कागद जाळतो. डिजिटल प्रत पाहताना पानाची मागची बाजू जरूर उघडावी: पानांच्या आकाराचे तपकिरी डाग तिकडे उमटलेले दिसतात, कधी कागदाला तडे गेलेले असतात. शिशाचा सफेदा दूषित हवेत काळवंडतो, त्यामुळे पांढऱ्या फुलाची कडा करडी दिसली तर तो दोष चित्रकाराचा नव्हे. वनस्पतिज पिवळा उडून गेला की हिरवी पानं निळसर होतात. ‘या झाडाला निळी पानं होती’ असा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून सांगितलं.

हाताने, एकेकच रंगवलेली चित्रं हा वेगळा वर्ग. फ्लॉरेन्सला मेदिची दरबारात १५७७ पासून काम करणारा याकोपो लिगोझ्झी त्यातला सर्वश्रेष्ठ असं माझं मत. त्याने अननस, घायपात आणि अमेरिकेतून आलेली गुलबक्षी काढली. गुलबक्षी हा चित्रकाराची परीक्षा पाहणारा विषय आहे. फूल दुपार कलल्यावर उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं, म्हणजे ते काढायचं तर मावळतीच्या उजेडात किंवा अगदी पहाटे. एकाच झाडावर वेगवेगळ्या रंगांची, कधी चट्ट्यापट्ट्यांची फुलं. लिगोझ्झी आधी फिकट रेखाटन, मग पातळ रंगाचे थर, शेवटी दाट रंगाने उजेडाच्या जागा अशा पायऱ्यांनी जातो. शिरा काढून नंतर पान रंगवत नाही, रंगातून शिरा उरू देतो. लाकडी ठशाला हे कधीच जमणार नव्हतं.

मेक्सिकोत तर झाडासमोर बसलेले चितारी तिथलेच होते. त्लातेलोल्कोच्या विद्यालयात १५५२ मध्ये तयार झालेल्या औषधींच्या हस्तलिखितात मुळांपाशी तिथल्या नाउआ लोकांच्या चित्रलिपीतलं दगडाचं, पाण्याचं चिन्ह काढलेलं असतं: हे झाड खडकाळीत वाढतं, हे ओलाव्यात. युरोपातल्या पानावर मूळ पांढऱ्या पोकळीत लटकतं, जमीन कुठेच नसते. फ्रान्सिस्को एर्नांदेझ या स्पॅनिश वैद्याच्या १५७० नंतरच्या मोहिमेतही स्थानिक चित्रकारांनी काम केलं, पण ती मूळ चित्रं १६७१ मध्ये स्पेनमधल्या एस्कोरियाल राजवाड्याच्या आगीत गेली.

तांब्याच्या पत्र्याने बारीक रेषेचा प्रश्न सोडवला. नेपल्समध्ये फाबियो कोलोन्नाने १५९२ मध्ये आम्लाने कोरलेले पत्रे वापरले. १६१३ मध्ये बेस्लरचा आइखश्टेटच्या बागेवरचा ग्रंथ ३६७ पत्र्यांसह आला, त्यात सूर्यफूल, मिरच्या, नागफणी खऱ्या आकाराच्या जवळपास आहेत. किंमत मात्र वाढली. तांब्यातल्या खाचेतली शाई उचलायला वेगळा, रुळांचा दाबयंत्र लागतो, त्यामुळे मजकूर आणि चित्र दोनदा छापावं लागतं, आणि पत्रा काही हजार प्रतींत झिजतो. लाकडी ठोकळा चिवट. प्लांटिनच्या छापखान्यातले वनस्पतींचे हजारो ठोकळे अँटवर्पच्या संग्रहालयात आजही आहेत, आणि त्यांची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात. छापील पान आणि मूळ ठोकळा शेजारी-शेजारी उघडून ठेवले की आरशाचा सगळा मामला एका नजरेत कळतो.

ऑर्ताच्या पुस्तकात जे राहून गेलं ते व्हायला शंभरावर वर्षं लागली, आणि तेही गोव्यात नव्हे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापवला. झाडं इथे पाहून काढलेली, चित्रं तांब्यावर, दोन पानं मिळून एक, म्हणजे फणसासारख्या झाडाला हात-पाय पसरायला जागा. इट्टी अच्युदन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी माहिती दिली. त्या तिघांचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे, आणि चित्रांवर झाडाची नावं रोमन, मल्याळम, अरबी यांच्याबरोबर नागरीतही आहेत. ती अक्षरं खिळ्यांची नाहीत. ज्याला नागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं अशा डच कोरक्याने, पानाच्या शिरा कोराव्यात तशी, ती तांब्यावर उलटी कोरलेली आहेत.